नलूआत्यांना थंडी वाजत नाही

बर्मिंगहॅमच्या विमानतळावर नलूआत्यांना घ्यायला जाताना अजितने माझा सगळ्यात जाड कोट बरोबर घेतला होता. आत्या बाहेर आल्या त्या हिरव्या सुती साडीत. पायांत चपला, हातात पर्स, आणि अंगावर लोकरीचा म्हणावा असा एक धागा नाही. डिसेंबर संपत आला होता, बाहेर पारा शून्याच्या खाली होता. अजितने कोट पुढे केला, आत्यांनी तो हातानेच बाजूला सारला.

"थंडी हा माझा धंदा आहे, अजित," त्या म्हणाल्या. "आपल्याच धंद्याला कोणी घाबरतं का?"

टर्मिनलपासून कार पार्कपर्यंत त्या ताठ मानेने चालत आल्या. गाडीत बसल्यावर मात्र बराच वेळ गप्प होत्या. आत्या गप्प, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. आमचं गाव, लेस्टर, जवळ आलं तेव्हा त्यांनी अजितला गाडीतला एसी बंद करायला सांगितला. अजित म्हणाला, एसी नाही, हीटर आहे, आणि फुल्ल आहे. आत्यांनी "असं होय" म्हणून डोळे मिटून घेतले.

नलूआत्या म्हणजे अजितची सख्खी आत्या. चंद्रपूरला त्यांचा बर्फाचा कारखाना होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ओळख करून द्यायची गरज नाही. मे महिन्यात तिथे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कारखाना मूळ त्यांच्या यजमानांचा. ते ऐन तरुणपणी अचानक गेले. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी कारखाना विकून टाकायचा सल्ला दिला. आत्यांनी सगळ्यांना नीट जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन यजमानांच्या खुर्चीवर बसल्या. पुढे म्हातारपणापर्यंत त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. मासेवाले, रसवंतीवाले, लग्नाचे आचारी, सगळे त्यांच्याकडून लाद्या न्यायचे. उन्हाळ्यात कोणाच्या घरी माणूस गेलं आणि मुलं लांबून यायची असली, की त्या घरची माणसं अवेळी लादीसाठी आत्यांच्या दारात येत. मग कामगारांना न उठवता आत्या स्वतः जाऊन कारखाना उघडत. त्या घरचं नाव त्यांनी नंतर कधी उच्चारलेलं कोणी ऐकलं नाही.

अजित लहानपणी सुट्टीत तिथेच असायचा. आत्या त्याला बर्फाच्या लादीवर अनवाणी उभं करायच्या आणि शेजारच्या लादीवर स्वतः उभ्या राहायच्या. जो आधी उतरेल तो हरला. आत्या कधीच हरल्या नाहीत. "थंडी अंगात नसते, डोक्यात असते," हे वाक्य अजितने तिथे ऐकलं आणि त्यावर इतका विश्वास ठेवला, की इकडे आल्यावर पहिले दोन हिवाळे हातमोज्यांशिवाय काढले आणि बोटं सुजवून घेतली. आत्यांनी इकडे यावं म्हणून तो किती वर्षं मागे लागला होता. उन्हाळ्यात कारखाना सोडून येणं शक्य नव्हतं. हिवाळ्यात धंदा मंद, म्हणून आत्या हिवाळ्यात आल्या.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आत्या किचनमध्ये चहा करत होत्या. घर रात्रभर कोंडलेलं होतं, वारा खेळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मी खिडक्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या. शिवाय भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा शोध त्यांना लागला होता. येता-जाता त्या तो दोन अंशांनी खाली करत. अन्वी, माझी चौदा वर्षांची मुलगी, हुडी घालून त्यावर ब्लँकेट पांघरून नाश्त्याला बसायची. एकदा ती आत्यांकडे निरखून बघत म्हणाली, "आजी, तुझा नाक लाल झाला आहे." आत्यांनी तिला आधी व्याकरण शिकवलं. नाक ते. तुझं नाक. मग म्हणाल्या की तिखट जास्त झालं.

मी इथल्या हॉस्पिटलमध्ये वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. थंडीने म्हाताऱ्या माणसांचं काय होतं ते मी रोज बघते. मी आत्यांना समजावून पाहिलं, थोडं घाबरवूनही पाहिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की माझ्या वॉर्डातल्या कितीजणांनी बर्फाचा कारखाना चालवला होता. अजितला या सगळ्याचा अभिमानच वाटायचा. ऑफिसात, मित्रांत, फोनवर, सगळीकडे सांगत सुटला होता, आमच्या आत्याला थंडी वाजतच नाही.

रोज दुपारी आत्या जपाला बसत. त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आम्हाला वाटायचं त्या त्यांच्या खोलीत बसतात.

एका मंगळवारी मला सुट्टी होती. टॉवेल काढायला मी वरचं एअरिंग कपबर्ड उघडलं. आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला एक कोनाड्याएवढं कपाट, त्यात गरम पाण्याची मोठी टाकी आणि वर कपडे वाळवायच्या फळ्या. दार उघडलं तर टाकीला पाठ लावून, उपड्या घातलेल्या कपड्यांच्या टोपलीवर नलूआत्या बसलेल्या. डोक्यावर फळीवरून अजितच्या पायजम्याचे पाय लोंबत होते. हातात जपमाळ होती, पण जप चालू नव्हता. डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर इतकं सुख की मला क्षणभर दार पुन्हा लावून घ्यावंसं वाटलं.

त्यांनी डोळे उघडले. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"रोज इथेच?" मी विचारलं.

"देव कुठेही असतो," आत्या म्हणाल्या. मग थोड्या सरकून, टोपलीच्या कडेला जागा करून देत म्हणाल्या, "बस. दार लाव आधी, हवा जाऊन राहिली."

मी बसले. दोन बायका, एक टाकी आणि वाळत घातलेले कपडे. आत खरंच फार छान वाटत होतं. थोड्या वेळाने आत्यांनी सांगितलं, की पहिल्या दिवसापासून हाडं गोठून राहिली आहेत. चंद्रपूरला कारखान्यात कितीही थंड असलं तरी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की ऊन असतं. इथे दार उघडलं की बाहेर आणखी मोठा कारखाना. मी म्हटलं, मग कोट घाला, हीटर लावू द्या, कोणी काही म्हणणार नाही. त्यांनी मान हलवली.

"अजितले सांगू नको," त्या म्हणाल्या. "बाप नव्हता त्याले, माझ्याकडे पाहून मोठा झाला तो. आता म्हातारपणी लादीवरून उतरायले लावू नको मले."

मी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून टाकीचा टायमर दुपारी वाढवून ठेवला आणि कपाटात एक उशी ठेवली.  तिला खोळ आत्यांनी स्वतः घातली.

शेजारी केन राहायचा. ऐंशीच्या घरातला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लेस्टरच्या एका मोज्यांच्या कारखान्यात त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. कारखाना बंद पडला, त्यालाही जमाना झाला. आत्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने या भागातल्या पद्धतीप्रमाणे "मॉर्निंग, मी डक" म्हटलं. आत्या तरातरा आत आल्या. हा माणूस मले बदक काहून म्हणते, असं त्यांनी मला विचारलं. 'मी डक' म्हणजे 'माय डक', इथे प्रेमाने म्हणतात, दुकानदारही म्हणतो, बस ड्रायव्हरही म्हणतो, असं मी सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनी केनला "गुड मॉर्निंग, डक" असं ठणकावून म्हटलं. केन इतका हसला की त्याला खोकला लागला.

जानेवारीत बर्फ पडला. केन बादलीभर मीठ घेऊन बाहेर आला, स्वतःच्या दारापुढे टाकलं आणि शेजारधर्म म्हणून आमच्याही दारापुढे टाकायला लागला. आत्या चपलांवर धावत बाहेर गेल्या. त्यांचं इंग्रजी सरकारी अधिकाऱ्यांशी भांडून तयार झालेलं होतं, त्यामुळे त्यात शब्द कमी आणि जोर फार. बर्फाच्या कारखान्यात साचे मिठाच्या पाण्यात बुडवतात, मिठाने पाणी अधिक थंड होतं म्हणून तर आतलं पाणी गोठतं, हे त्यांनी केनला हातवारे करून सांगितलं. "सॉल्ट मेक्स मोअर कोल्ड. आय हॅव फॅक्टरी." केनने सगळं मनापासून ऐकलं आणि म्हणाला की तसं असेलही, पण काउन्सिल तर रस्त्यावर मीठच टाकतं. काउन्सिल चुकत असल्याचं आत्यांनी जाहीर केलं. मग झाडू आणून आमच्या दारापुढचं मीठ झाडून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केनच्या दारापुढची फरशी ओली आणि काळी होती. आमची आरशासारखी चमकत होती. आत्यांनी दाराबाहेर एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि अगदी सावकाश, जणू ठरवूनच, खाली बसल्या. लागलं काही नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि धावले, पण माझ्या आधी केन पोहोचला.  आत्यांच्या पायांपुढे मूठभर मीठ टाकायचा, थोडं थांबायचा, मग हात द्यायचा आणि पुढच्या पावलापुढे पुन्हा एक मूठ. असं करत त्याने त्यांना दारापर्यंत आणलं. आत येऊन बसल्यावर आत्यांनी निकाल दिला, "त्याचं मीठ बरोबर आहे. माझंही चूक नाही."

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. मीठ बर्फ वितळवतं आणि वितळताना गारठा वाढवतंही. हे मी सांगितलं तेव्हा आत्यांना त्यात रस नव्हता. त्यांना केनविषयी जाणून घ्यायचं होतं. त्याच संध्याकाळी केन मोज्यांचे जोड घेऊन आला, त्याच्याच कारखान्यातले, जाड, राखाडी, इतकी वर्षं जपून ठेवलेले. भेट परत करायची नसते, असं कारण देऊन आत्यांनी ते घातले आणि पुन्हा काढले नाहीत. त्यावर चपला चढवून त्या हिंडायच्या. मग रोज अकरा वाजता कुंपणापाशी दोघांच्या गप्पा. तो मोज्यांविषयी बोलायचा, त्या बर्फाविषयी. दोघांना एकमेकांचं निम्म्याहून अधिक कळत नसणार. पण एकदा मी ऐकलं, केन त्यांना सांगत होता की यंत्रं बंद झाली त्या दिवशी त्याला कानात सतत काहीतरी वाजत असल्यासारखं झालं, कारण इतकी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. आत्या म्हणाल्या, "यस. कॉम्प्रेसर स्टॉप, आय वेक अप." ते त्यांना पूर्ण कळलं होतं.

फेब्रुवारीत थंडीची लाट आली. नुसता बर्फ नव्हे, दिवसरात्र सगळं गोठून राहिलेलं. एका सकाळी मी चहा घेत होते. आत्या किचनच्या खिडकीशी उभ्या होत्या. इथे हिवाळ्यात प्रत्येक घराच्या भिंतीतल्या नळीतून बॉयलरची पांढरी वाफ निघत असते. आत्यांना ती बघायला आवडायची; कोणाचा कारखाना चालू आहे ते समजतं म्हणायच्या. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "केनची वाफ नाही. कालही नव्हती."

मी म्हटलं, गरम होत असेल म्हणून बंद केला असेल. बोलता बोलताच माझं वाक्य किती वेडगळ आहे ते मला कळलं. तोवर आत्या दाराबाहेर पडल्या होत्या. मी त्यांच्या मागे गेले.

केनने दार बऱ्याच वेळाने उघडलं. त्याच्या अंगावर कोट होता, डोक्यावर लोकरी टोपी. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गार वाटत होती. त्याचा बॉयलर परवाच बंद पडला होता. सोमवारी माणूस येणार आहे, तोवर मस्टंट ग्रम्बल, म्हणजे कुरकुर करायची नाही, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याची जीभ जड झाली. तो कोटाचं एक बटण लावायचा प्रयत्न करत होता. पुन्हा पुन्हा, आणि ते लागत नव्हतं. आणि तो कुडकुडत नव्हता. वॉर्डात मी हे खूपदा पाहिलं आहे. शरीर कुडकुडायचं सोडतं, तेव्हा आपण घाबरायचं असतं.

मी अॅम्ब्युलन्ससाठी फोन लावला. लाटेमुळे त्यांना यायला वेळ लागणार होता, तोवर त्याला उबेत न्या, असं त्यांनी सांगितलं. मी केनला आमच्या घरी चल म्हटलं. तो खुर्चीवर बसला आणि नाही म्हणाला. कोणाला त्रास द्यायचा नाही. मी डॉक्टर म्हणून सांगितलं, मग शेजारीण म्हणून सांगितलं, हात धरून पाहिला. त्याने हात सोडवून घेतला. आवाजात राग नव्हता, पण तो हलणार नव्हता. जन्मभर कोणाकडे काही न मागितलेला माणूस तो, आणि त्याचं डोकं हळूहळू मंद होत चाललेलं मला समोर दिसत होतं.

 नलूआत्या त्याच्या पुढ्यात गेल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या:

"केन. आय अॅम फीलिंग व्हेरी कोल्ड."

केनने वर पाहिलं.

"फ्रॉम डिसेंबर," आत्या म्हणाल्या. "एव्हरी डे. आय टेल नोबडी. टुडे टू मच. आउटसाइड स्लिपरी, आय फॉल. यू टेक मी होम."

त्यांचा आवाज कापत होता. दारात अजित उभा होता. अॅम्ब्युलन्सनंतर मी त्यालाही फोन केला होता, तो वर्क फ्रॉम होम सोडून धावत आला होता. त्याने ते सगळं ऐकलं. आत्यांनी त्याला पाहिलं आणि तरीही हात पुढे धरूनच ठेवला.

केन उठला. दोन वेळा पाय अडखळले, पण उठला. बाईमाणसाला घरी पोहोचवायचं होतं. त्याने आत्यांना आपला दंड दिला आणि आत्यांनी तो असा पकडला की खरा भार कोणाचा कोणावर होता, ते फक्त मागून चालणाऱ्या आम्हाला दिसत होतं. चालताना तो त्यांना सांगत होता, माइंड युअर स्टेप, मी डक. आत्या हो हो म्हणत होत्या.

सोफ्यावर ब्लँकेटं, गोड कोमट चहा, थर्मोस्टॅट आत्यांनी स्वतः वर केला. पॅरामेडिक आले तोवर केन कुडकुडायला लागला होता, आणि ते पाहून मला रडू आलं. त्यांनी तपासलं आणि हॉस्पिटलची गरज नाही, पण एकटा ठेवू नका, म्हणून सांगितलं. तो सोमवारपर्यंत आमच्याकडे राहिला. आत्यांनी त्याला मुगाची खिचडी आणि कढी खायला घातली. कढीला तो शेवटपर्यंत यलो सूप म्हणत राहिला.

त्या संध्याकाळी केन झोपल्यावर अजित आत्यांपाशी येऊन बसला.  त्याने विचारलं, "आत्या, तुला इतकी थंडी वाजत होती तर मला सांगितलं का नाहीस?"

आत्यांनी त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"खोटं बोलले रे," त्या म्हणाल्या. "माणूस उठत नव्हता, मग काय करणार? मला कुठे थंडी वाजते?"

अजितने माझ्याकडे पाहिलं. मी केनचे कपडे घडी करत होते, ते करत राहिले. थोडा वेळ गेला आणि अजित हसला. मोकळं, लहान मुलासारखं. "तेच म्हटलं," तो म्हणाला. त्याला खरं काय ते समजलं की नाही, मी त्याला आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आत्यांसाठी नवी शाल घेऊन आला आणि ती अन्वीसाठी आणल्याचं सांगून त्यांच्या खुर्चीवर ठेवून दिली. आत्या ती पांघरून बसायच्या. अन्वीची आहे, नुसती ऊब लावून ठेवतेय, म्हणायच्या.

नलूआत्या गेल्या त्याला आता बराच काळ झाला. झोपेतच गेल्या, चंद्रपूरला, उन्हाळा सुरू व्हायच्या तोंडावर. त्यांची आठवण आली की मला त्या परत निघाल्या तो मार्चच्या सुरुवातीचा दिवस आठवतो. सकाळी जरा ऊन पडलं होतं, इथलं ऊन, म्हणजे पातळ, पांढुरकं, असून नसल्यासारखं. अजित गाडीत बॅगा चढवत होता. आत्या सापडेनात म्हणून मी बाहेर आले, तर त्या आणि केन समोरच्या बुटक्या भिंतीवर शेजारी शेजारी बसले होते. चंद्रपुरात बाहेर पडताना डोक्यावर पदर आणि वर छत्री घेणाऱ्या आत्यांनी पदर मागे टाकला होता आणि तोंड वर करून डोळे मिटले होते. केननेही तसंच. 

मी सांगितलं, आत्या, निघायला हवं, उशीर होतोय.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त माझ्या दिशेने हात वर केला.

"थांब थोडी," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे ऊन लागून राहिलं."